शर्टाचं शेपूट

हार्लनच्या बंदुकीत मी दारू घातलीच नाही.

ट्रकच्या मागच्या फळीला बंदूक टेकवून मी उभा होतो आणि हार्लन पुढच्या सीटवर बसून पायांत मोज्यांचा दुसरा जोड चढवत होता. मी दारू ठेवायच्या शिंगातून थोडी मापात ओतली, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि माप परत शिंगात रिकामं केलं. मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी नळीच्या तोंडावर ठेवली आणि गजानं तळापर्यंत दामटली. हार्लनच्या गजावर एक खाच आहे. बंदूक नीट ठासली असेल तर ती खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येते. त्या सकाळी ती बोटभर आत गेली. मी तिथे पंजा आडवा धरला.

"झाली?" त्यानं विचारलं.

"झाली," मी म्हणालो.

त्यानं बंदूक घेतली आणि खांद्याला अडकवली. खाच बघायला मागितली नाही. याच माणसानं चौतीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केल्या. दुसऱ्या मेकॅनिकनं ब्रेक तपासले असं सांगितलं, तरी स्वतः पाठीवर सरपटत बसखाली जाऊन बघितल्याशिवाय त्यानं एकही बस रस्त्यावर सोडली नाही. त्यावरून साहेबांशी भांडला, दोनदा बढती गमावली, पण सवय सोडली नाही. माझ्या हातचं मात्र त्यानं डोळे मिटून घेतलं.

हे मला माझ्या बहिणीनं करायला लावलं. वर्ना माझी थोरली बहीण, हार्लनची बायको. नाताळच्या आदल्या दिवशी ती मी काम करतो त्या लाकडाच्या वखारीत आली आणि फळ्यांच्या ढिगाआड मला घेऊन गेली. हार्लनचा आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला होता. उन्हाळा दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं. पण वर्नाला आता वेगळीच भीती होती. त्यानं गॅरेजमधल्या एकेका हत्याराला नावाची चिठ्ठी बांधली होती, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची जाळी कशी बदलायची ते वहीत चित्र काढून ठेवलं होतं, तिच्या गाडीला नवे टायर घातले होते. आणि आता तो बंदूक घेऊन रानात जायचं म्हणत होता.

"तो परत येणार नाही, गेलन," ती म्हणाली. "जाऊ नको म्हणायचं मला धाडस नाही. एकतीस वर्षं जातोय तो. पण तुला बंदूक ठासता येते. तू काहीतरी कर."

मी तिला खुळी म्हणालो. पण त्या दोन्ही रात्री मला झोप लागली नाही, आणि निघायच्या सकाळी मीही तितकाच घाबरलेला होतो. हार्लनची बोटं औषधानं बधिर झाली होती, त्यामुळे ठासायचं काम या वर्षी माझ्याकडेच येणार होतं. हरीण काही दिसणार नाही, एवढंच मी मनाशी घोकत होतो. थंडीतल्या या हंगामात तसंही फारसं कोणाला दिसत नाही. ठासणीच्या बंदुकीचा हा हंगाम नाताळ झाल्यावर सुरू होतो. तोवर कारतुसवाल्यांनी सगळं रान ढवळून काढलेलं असतं, आणि उरलेली हरणं आपल्यापेक्षा शहाणी झालेली असतात.

बर्फ घोट्याच्या वर होता. हार्लन दर शंभर पावलांना थांबत होता. त्या औषधामुळे थंडी त्याला अजिबात सोसत नव्हती. गार लोखंडाला बोट लागलं तरी विजेचा झटका बसल्यासारखा हात मागे यायचा, गार हवा घशात गेली की घसा आवळायचा. तोंडावर मफलर, हातांत वर्नानं आणलेले बॅटरीचे हातमोजे. मी त्याला म्हणालो, अगदी अंतराळवीर दिसतोयस. तो म्हणाला, अंतराळवीराला निदान चालावं लागत नाही.

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक मोठं हेमलॉकचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी आम्ही गोधडी अंथरून बसलो. मी बंदुकीच्या पेल्यात, चकमकीखालच्या छोट्या वाटीत, बारीक दारू टाकली, कारण ती दिसली नसती तर त्याला संशय आला असता. आम्ही कोमट कॉफी प्यालो. त्यानं हरणाच्या मांसाचं सॉसेज दोन घास खाल्लं आणि उरलेलं कागदात परत बांधलं. मला त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

साडेदहाच्या सुमाराला हरिणी आली.

एकटीच होती, अंगानं भरलेली. ओढा ओलांडून थेट आमच्याच दिशेनं चढत आली आणि पंचवीस पावलांवर आडवी उभी राहिली. हार्लननं दातांनी उजवा हातमोजा ओढून काढला. उघड्या बोटानं त्यानं घोडा मागे ओढला तेव्हा त्याचा चेहरा वेदनेनं वाकडा झाला, पण बंदूक हलली नाही.

चकमक पडली. पेल्यातल्या दारूचा भडका उडाला, धूर झाला, आणि बस. बार झालाच नाही. हरिणीनं मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि चालत निघून गेली. पळालीसुद्धा नाही.

हार्लन नळी रोखून तसाच थांबला. कधीकधी बार उशिरा होतो, म्हणून थांबायचं असतं. त्याला ते कोणी सांगायला नको होतं. मनात पूर्ण मिनिट मोजून झाल्यावर त्यानं पेला पुसला, बंदूक उभी धरली आणि गज आत सोडला. गोळीवर गज टेकल्याचा आवाज आला. खाच आत गेली.

तो त्या गजाकडे बघत राहिला. मी बर्फाकडे.

"विसरलास," तो म्हणाला.

हो म्हणायला हवं होतं. त्यानं मला वाट करून दिली होती, आणि तेवढं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही. मी गप्प बसलो, आणि गप्प बसल्यानंच त्याला सगळं कळलं. एवढा हादरलेला माणूस मी कधी बघितला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशीही मी त्याच्याबरोबर होतो. तेव्हा तो उठून पार्किंगची चिठ्ठी शोधायला लागला होता. आज तो खाली बसला.

"वर्ना?" त्यानं विचारलं.

मी मान डोलावली.

"मी ही बंदूक स्वतःवर... असं वाटलं तुम्हाला? दोघांनाही?"

मी त्याला चिठ्ठ्यांचं सांगितलं, वहीचं, टायरांचं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "अरे, ते तिला सोपं जावं म्हणून केलं मी. भट्टी जानेवारीत बंद पडली तर ती काय करणार होती?"

त्यानं हातमोजा परत घालायचा प्रयत्न केला. जमेना. मी घालून दिला.

"ऑक्टोबरमध्ये एकदा मनात येऊन गेलं होतं," तो म्हणाला. "नाही म्हणत नाही. गॅरेजमध्ये बसलो होतो. मग वर्नानं जेवायला हाक मारली. पण इथे? लेका, इथे मी हरणासाठी येतो."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. माफ कर म्हणालो, दोनतीनदा म्हणालो. आत अडकलेली गोळी काढावी लागणारच होती. ती कशी काढायची ते त्यानं मला नव्यानं शिकवावं तसं सांगितलं. नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून सुईनं मी चिमूटभर दारू आत ढकलली आणि समोरच्या दरडीत बार काढला. फट् असा मेलेला आवाज झाला. गोळी वीस पावलांवर बर्फात पडली.

"कॅम्पवर लेस्टरला एवढं पुरे," हार्लन म्हणाला. "त्याला ऐकू कमीच येतं." आणि मग काय करायचं ते त्यानं मला सांगितलं. मी नको म्हणालो. तो म्हणाला, तुला विचारत नाहीये.

लेस्टर ऐंशीचा आहे, आणि ज्या लाकडी खोपीला आम्ही कॅम्प म्हणतो ती त्याची. शेगडीच्या मागच्या भिंतीवर शर्टांची शेपटं खिळ्यांनी ठोकलेली आहेत. नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि साल घालायचं, असा तिथला नियम. माझी चार आहेत. लेस्टरची किती ते तो मोजू देत नाही. हार्लनचं एकही नव्हतं. एकतीस वर्षांत त्यानं काही मोठी शिकार केली असं नाही, पण खात्री नसेल तर तो बार काढतच नसे. सगळे त्याला चिडवायचे, की बाबा, जरा शर्टाची हौस कर.

"बार ऐकला मी," लेस्टर दारातूनच म्हणाला. "कुठाय?"

"चुकलो," हार्लन म्हणाला. "पंचवीस पावलांवरून."

लेस्टर हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्यानं हार्लनकडे बघितलं, मग माझ्याकडे. आजारी माणसाला नियम लागू नाही, असं काहीतरी तो पुटपुटला.

"मेलो नाहीये अजून," हार्लन म्हणाला. "कात्री आण. गेलन कापेल."

त्यानं पट्टा सैल केला, लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट बाहेर ओढला आणि माझ्याकडे पाठ केली. पूर्वी तो शर्ट त्याला घट्ट बसायचा. आता मागचं टोक मांडीपर्यंत लोंबत होतं. त्यानं कापड मागे हात नेऊन ताणून धरलं, मला सोपं जावं म्हणून. मी कापलं. सरळ कापता आलं नाही. नाव लिहायला पेन त्याच्या बोटांत राहीना, तेव्हा तेही मीच लिहिलं, हार्लन झर्बी आणि साल. लेस्टरनं ते माझ्या चौथ्या शेपटाशेजारी ठोकलं.

संध्याकाळी मी त्याला घरी सोडलं. तो कोचावर पडल्या पडल्या झोपला. स्वयंपाकघरात वर्ना मला भिंतीशी घेऊन उभी राहिली. तिला कापलेला शर्ट दिसला होता, आणि कॅम्पचा नियम तिला माहीत होता.

"बार कसा काय झाला?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

हार्लननं शिकवलेलं मी बोललो. "माझ्यानं झालं नाही, वर्ना. मी दारू घातली होती."

ती खुर्चीवर बसली.

"म्हणजे भरलेली होती. दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि तो परत आला," ती म्हणाली. तोंडावर हात दाबून ती बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिनं शिवणाचा डबा काढला. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर तोच शर्ट होता, मागून आखूड, कडेला बारीक टाक्यांनी दुमडलेला. थंडी संपेपर्यंत त्यानं तोच घातला. त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही. माझ्या ट्रकचे ब्रेक मात्र त्यानं मला दोनदा तपासायला लावले.

एप्रिलमध्ये तो गेला. शेवटचे कपडे न्यायला अंत्यविधीवाल्यांचा माणूस आला तेव्हा वर्नानं कपाटातल्या कोटाला हात लावला नाही, तो शर्ट काढून दिला. माणसानं उलटसुलट करून बघितला आणि मागून कमी आहे म्हणाला.

"माहीत आहे," वर्ना म्हणाली. "एकदाच चुकला होता तो."

तिनं माझ्याकडे बघितलं, मी हो म्हणायची वाट बघत. मी हो म्हणालो.