समुद्राला ताप

नाथा आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचा. तो चार वर्षांनी वेळवंडीकाठच्या आपल्या गावी आला, तेव्हा त्याच्या आईनं, बनाबाईनं, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाप चिमाजी मात्र "आला का तुझा पोरगा?" एवढंच बोलला, तेही बायकोशी. शेत टाकून पोरगा दर्यावर पळाला, त्या दिवसापासून तो एकट्या बनाबाईचाच झाला होता. म्हातारा हट्टाला पेटला की बैलानं त्याच्याकडून धडे घ्यावेत!

मृगाच्या तोंडावर भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले. आता आंबेमोहोराचं बी टाकायचं.

"आबा, समदं बी टाकू नगा," नाथा म्हणाला. "उगवतीकडचा लांबचा समुद्र तापलाय. मागं असाच तापला व्हता, तवा हिकडं पावसानं दगा दिला. काही सालं गेली की त्याची पाळी येतीच, असं बोटीवरचे जुने लोक म्हणत्यात."

"समुद्र तापला म्हून आमचा भात शिजायचा व्हय?" चिमाजी बायकोकडे वळला. "तुझ्या पोराला सांग, बी म्या एकला टाकणार."

बनाबाईला एवढंच उमगलं, की समुद्राला ताप आलाय. घरात कुणाला ताप आला की ती देवीला दहीभात दाखवायची. तिनं द्रोणात दहीभात घेतला आणि नदीत सोडला. नाथा पोट धरून हसला, मग तिच्याजवळ टेकला.

"बराबर हाय, आये. आपली नदी उगवतीलाच जाती."

असं पोर कुणाला आवडणार नाही? तो बोटीवर परतला तेव्हा ती वेशीपर्यंत त्याच्या मागं गेली.

मृगाच्या सरी झाल्या, रोपं तरारली, आणि पाऊस जो गेला तो गेलाच. आषाढ सरता सरता रोपं करपली. बनाबाई राबाच्या कडेला बसून रडली. सासूच्या हातून आलेलं बियाणं आता कुठून आणायचं?

चिमाजी घरात गेला. नाचणीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून त्यानं एक गाठोडं काढलं आणि आणून तिच्या पदरात ठेवलं. आंबेमोहोराचं निम्मं बियाणं होतं ते.

"आवं, हे कवा ठिवलं?"

"तुझा दहीभात खाली नदीवरच्या भाटघरच्या धरणातच अडकला असंल," चिमाजी तिच्याकडे न बघता म्हणाला. "आन् समुद्राचं माझ्या पोरानं आदीच सांगितलं व्हतं."

बनाबाईनं डोळे पुसले.

"कुणाच्या पोरानं?" तिनं मुद्दाम विचारलं.

"माझ्या!" म्हातारा खेकसला.