येरित्साचे चौदा सेंटिमीटर

क्रका नदीकाठच्या त्या गावात बर्फाचे तीन संत आणि त्यांच्यामागून येणारी रडकी झोफ्का, हे मे महिन्यातले थंडीच्या शेवटच्या तडाख्याचे चार दिवस सरल्याशिवाय टोमॅटोचं रोप कुणी उघड्यावर लावत नाही. पंधरा तारखेपर्यंत म्हाताऱ्या खिडकीतल्या कुंड्यांना हात लावू देत नाहीत. पण व्लास्ताबाईंना दहालाच पालकांना शाळेची बाग दाखवायची होती. रिकामे वाफे दाखवून काय मिरवणार?

"आजी म्हणते, झोफ्का होऊ दे," तिसरीतली येरित्सा म्हणाली.

"तुझी आजी हवामान खात्यात आहे का गं?"

वर्ग खिदळला. नऊ तारखेला बारा मुलांनी बारा रोपं लावली आणि आपापल्या रोपाची उंची वहीत लिहिली. दुसऱ्या दिवशी पालकांनी बाईंचं तोंडभरून कौतुक केलं.

चौदाच्या पहाटे दंव गोठलं. बाई साडेसहाला धावत आल्या, तर बाराही रोपं काळी पडून माना टाकून बसलेली. खरं सांगावं, तर येरित्साच्या आजीपुढे तोंडघशी पडायचं! त्यांनी गाडी काढली, बाजारातून बारा रोपं आणली आणि पोरं यायच्या आत लावूनही टाकली.

मोजणीच्या तासाला पोरं नाचायलाच लागली. "पाच दिवसांत एवढं वाढलं! बाई, आपलं खत भारीच!"

येरित्सा तेवढी पट्टी धरून उकिडवी बसली होती.

"बाई, हे माझं नाही. माझं चौदा होतं. हे एकवीस आहे."

"तेव्हा पट्टी उलटी धरली असशील," बाई बोलून गेल्या. "खोड ते चौदा, आणि नीट लिही."

पोरं हसली. येरित्साने रोपाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि खोडलं.

त्या संध्याकाळी बाईंना राहून राहून तेच आठवत होतं. वर्गात एकाच पोरीने डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, आणि आपण तिलाच सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तेही स्वतःचं नाक वर ठेवण्यासाठी. त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाफ्यापाशीच मुलांना सगळं सांगितलं. दंव, काळी रोपं, बाजार. "येरित्सा बरोबर होती. मी खोटं बोलले. माफ कर गं मला."

"म्हणजे येरित्साची आजी जिंकली!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. येरित्साही हसली. बाईंच्या जिवात जीव आला.

"चला, आता नवी मोजणी. खरीखुरी."

येरित्सा रोपापाशी बसली. पट्टी सरळ धरली, मुळापासून शेंड्यापर्यंत नीट मोजलं. मग पेन्सिल उचलून तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाई, किती लिहू?"