आधी वजन, मग दुर्बीण

आमच्या ह्यांना कोरडं लोखंड बघवत नाही. दाराची कडी, सायकलची चेन, शिवणयंत्र, दिसेल त्याला तेल. परंड्यात मोटर वायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं हात कायम काळे आणि मन मोकळं. त्या मोकळ्या मनानंच त्या शनिवारी घात होता होता राहिला. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगते.

नारायणराव सरांनी मला शाळेत विज्ञान शिकवलं. आता मीही तेच शिकवते. सर भूमला एकटेच राहतात. डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेला आणि उजव्याचं सोमवारी सोलापूरला ऑपरेशन होतं. नजर राहील की नाही ते नंतरच कळेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी शनिवारी भर उन्हात चंद्र शुक्राला झाकणार होता आणि चार वाजून पन्नास मिनिटांनी शुक्र चंद्रामागून बाहेर पडणार होता.

"एवढं बघतो, मग काय व्हायचं ते होऊ दे," सर म्हणाले. मी त्यांच्या दुर्बिणीला मोबाईल लावून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, "मोबाईलमधे तर उद्याही बघता येईल. मला माझ्या डोळ्यानं बघायचंय."

अडचण माउंटची होती. माउंट म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते ते लोखंडी डोकं. सरांचा माउंट इक्वेटोरियल, म्हणजे त्याचा एक आस ध्रुवाकडं रोखलेला. तो फिरवला की दुर्बीण आकाशाबरोबर फिरते. धुळीनं तो आस जाम झाला होता. आमच्या ह्यांनी आठवडाभर दुकानात ठेवून सोडवला आणि शनिवारी पिशवीत घालून एसटीनं आणला. गाडी उशिरा आली. चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही बाहेरच्या लोखंडी जिन्यानं सरांच्या छतावर चढलो. वर सावली म्हणून नव्हती.

छतात सरांनी पूर्वी छिन्नीनं तीन खळगे पाडलेत. ध्रुव बघून, दोन रात्री खपून. तिवईचे पाय त्यात ठेवले की आस आपोआप उत्तरेला. आसाची उंची इथल्या अक्षांशाएवढी, अठरा अंशावर घट्ट केलेली. मी माउंट तिवईवर बसवला. सर शेजारी उभे होते आणि बोटांनी चाचपून प्रत्येक स्क्रू तपासत होते.

"आधी वजन, मग दुर्बीण," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"माहीत असणारेच विसरतात."

मी वजनाचा दांडा माउंटमधे पिळून घातला, त्यात वजन सरकवलं, टोकाला नट लावला. वजनाआधी दुर्बीण लावली तर आस गर्रकन फिरतो आणि भिंग तिवईच्या पायावर आपटतं. मग ह्यांनी दुर्बीण तान्ह्या पोरासारखी उचलून दिली. खालची पट्टी खाचेत बसवून मी दोन्ही स्क्रू आवळले, वजन पुढं-मागं करून तोल साधला, आस जागच्या जागी धरणारा क्लच घट्ट केला आणि नळीवरून नजर लावून चंद्राची फिकट कोर गाठली. चार छत्तीस झाले होते. भिंगावरचं टोपण काढलं.

सर वाकले. त्यांचा गाल नळीला लागला, आणि नळी घसरली.

क्लच आवळलेला असूनही ती लोण्यातून सुरी जावी तशी पश्चिमेकडं उतरली. पश्चिमेला सूर्य होता. मी सरांना खांद्याला धरून मागं ओढलं तेव्हा नेत्रिकेतून आलेला उजेड माझ्या काळ्या पदरावर पडला. क्षणभरात धूर निघाला, जळका वास आला आणि पदराला तुरीएवढं भोक पडलं. मी ओढलं नसतं तर तिथं सरांचा डोळा असता.

मी टोपण लावलं. क्लचच्या फटीला बोट लावलं तर बोट पिवळं.

"ह्यात काय भरलंत?"

"ग्रीस," हे म्हणाले. "लई कोरडं पडलं होतं गं. चांगलं भरपूर भरलंय."

"अहो, क्लच आहे तो. त्यानं धरायचं असतं. घसरायचं नसतं."

त्यांचा चेहरा पडला. मला दया आली नाही. "उघडून पुसायला किती वेळ?"

"अर्धा तास."

बारा मिनिटं उरली होती.

"मग नाही बघायचं," मी म्हटलं. "सर, खाली चला."

"राजेश्वरी, डोळा माझा आहे."

"मागं ओढलं म्हणून वाचला. जळाला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती मला."

सर चंद्र होता त्या दिशेला तोंड करून उभे राहिले. त्यांना नुसत्या डोळ्यानं तिथं काही दिसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मला रडू येत होतं आणि ते रागाचं आहे असं मी स्वतःला सांगत होते.

तेवढ्यात हे पुढं झाले आणि त्यांनी वजनाचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "क्लच म्या होतो," ते म्हणाले. "म्या धरतो. बघ, हलतंय का."

मी नळी ढकलली. हलली नाही. जोरात ढकलली. तरी नाही.

"शिंक आली तर?"

"न्हाय येत."

सर म्हणाले, "बजरंगराव, माझ्याजवळ एकच डोळा आहे."

"व्हय सर. म्हणून तर दोन हात लावलेत."

मी पुन्हा चंद्र गाठला. भिंगाच्या तोंडाशी टोपण धरून उभी राहिले. नळी जराशी जरी सरकली असती तर टोपण आत दाबणार होते. चार सत्तेचाळीस. सरांनी डोळा लावला. ह्यांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात जात होता, पण पापणीसुद्धा हलत नव्हती. लोखंडी दांडा उन्हात चांगलाच तापला होता.

"चंद्र कडेला चाललाय," सर म्हणाले. "नखाएवढं पुढं घ्या."

ह्यांनी नखाएवढं पुढं घेतलं. मोटरीच्या तारेचे वेढे मोजणारे हात ते. चार पन्नास झाले. चार एक्कावन्न. वाऱ्याची झुळूक आली तशी माझी मूठ टोपणावर आवळली.

"आला," सर म्हणाले. मग हळूच, "उजळ कडेतून ठिणगी निघाली बघ. आता सुटली. मधे अंतर दिसतंय."

त्यांनी डोळा काढला. मी टोपण लावलं आणि मगच श्वास घेतला. सर खाली बसले आणि रडले. मीही रडले, आणि ह्या वेळी रागाचं नव्हतं.

हे मात्र दांडा सोडेनात. "सोडा आता," मी म्हटलं.

"तू बघ की. म्या धरलंय."

मी टोपण काढून हातात घेतलं आणि बघितलं. मग सर उठून ह्यांच्याजवळ गेले, चाचपत त्यांच्या हातांशेजारी दांड्यावर आपले हात ठेवले. "आता तुम्ही बघा, बजरंगराव. आता क्लच मी."

सरांचे हात थरथरत होते. वयच तसं. माझ्या ओठांवर 'नको' आलं होतं. ज्याला नीट दिसत नाही अशा माणसाच्या थरथरत्या हातावर माझ्या नवऱ्याचा डोळा.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दांड्यावरून हात काढले, तेव्हा दोन्ही तळवे लाल झालेले मला दिसले. ते नळीशी गेले, वाकले आणि डोळा लावला.

मी टोपण खाली ठेवलं आणि सरांच्या हातांवर माझे दोन्ही हात गच्च दाबून धरले.