कर्दळीचा वाफा

"तुमच्या माणसांनी माझा वाफा लुटलाय, साहेब. खणला नाही, लुटलाय!"

पाणी खात्याच्या ऑफिसात शिंपीणबाईंचा आवाज असा चढला की पलीकडच्या टेबलावरचा चहा तसाच राहिला. साहेबांच्या खुर्चीमागे मुकादम उभा होता.

वाफा कर्दळीचा. पिवळ्या पाकळीवर लालभडक ठिपके. बाईंच्या नणंदेनं कितीतरी बिया रुजवून एकदाच मिळवलेलं फूल. त्याचं बी पेरलं तर भलतंच उगवायचं. तेच फूल हवं तर जमिनीतला कंदच हवा. दोघींचं हयातभर विळ्याभोपळ्याचं सख्य. पण जाताना नणंद म्हणाली, "वहिनी, आता भांडशील कुणाशी? माझ्या कर्दळीशी भांड." आणि बाई खरंच पाणी घालताना तिला चार शब्द सुनावायच्या.

बहर संपला की झाड जमिनीलगत कापायचं. वर सगळं उजाड, खाली कंद जिवंत. लोक ते उकरून नेतात म्हणून कुणीही विचारलं की बाई ठोकून द्यायच्या, "काही नाही हो, नुसती माती." परवा पाइप टाकायला आलेल्या मुकादमानं विचारलं, "इथे काही आहे का?" बाई सवयीनं तेच बोलल्या आणि कपडे पोचवायला गेल्या. परत आल्या तर वाफ्याच्या जागी खड्डा.

"बाई, तुम्हीच नाही म्हणालात ना?" साहेबांनी हात झटकले.

"म्हणाले. जीभ झडो माझी! पण यांनी ते खरं कसं मानलं?" बाई मुकादमाकडे वळल्या. "गेल्या बहरात तुमच्या बायकोनं माझ्याकडे कंद मागितला. मी दिला नाही. तुम्ही शेजारीच उभे होतात."

"शंभर घरं फिरतो मी. काय काय लक्षात ठेवू?"

"पाइप गेला फाटकापासून नळापर्यंत. वाफा पार मागच्या भिंतीला. पाइप काय वाट वाकडी करून पाहुणचाराला गेला होता?"

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला. मुकादम हसला नाही.

साहेब म्हणाले, "अर्ज द्या. चौकशी करू."

"तुमची चौकशी होईतो कंद सुकून जातील. शेजारीण सांगते, माती पोत्यांत भरून नेली. खड्ड्यातली माती कुणी पोत्यांत भरतं का?" बाईंनी टेबलावर हात आपटला. "मुकादम, साहेबांकडे बघू नका. माझ्याकडे बघा. कुठे नेलीत ती पोती?"