दाराजवळचं कांबळं

"जयाला हल्ली कावळा शिवत नाही वाटतं?" नळावर मथुराने सहज विचारलं, आणि सगुणाने कळशी अर्धी भरलेलीच उचलली.

वाकोल्याच्या त्या चाळीत कुणाचं काही लपत नसे. कुणाच्या घरी काय शिजणार, याची खबर मथुराला चूल पेटायच्या आधीच असायची. बाई बाहेरची झाली की तीन दिवस दाराजवळ कांबळ्यावर बसायची आणि येणारा-जाणारा ते बघायचा. सगुणाच्या लेकीचं, जयाचं कांबळं मात्र गणपतीपासून कुणी उलगडलंच नव्हतं. सगुणाला ते कळत होतं, पण विचारायची छाती होत नव्हती. सतरा वर्षांची पोर, रोज पहाटे मैदानावर पळायला जाणारी. भलतंच काही निघालं तर? नवऱ्याच्या, भिकाजीच्या कानावर गेलं असतं तर त्याने पोरीला गावी नेऊन कुणाच्याही गळ्यात बांधलं असतं.

शेवटी संध्याकाळी तिने दार ओढून घेतलं. "खरा सांग माका."

"पळण्यानं थांबलंय, आई. मैदानावरच्या ताई म्हणतात, होतं असं." जयाने मान वर केली नाही, आणि सगुणाची भीती दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी ती थेट मैदानावर गेली. मुलींना शिकवणारी नलिनीताई एके काळी स्वतः शर्यतीत पळलेली. तिने सगुणाला पायरीवर बसवून समजावलं की पळणं फार आणि खाणं कमी झालं की असं होतं. पळायच्या दिवसांत तिची स्वतःचीही पाळी वर्षभर थांबली होती. आता जयाच्या फेऱ्या निम्म्या, आणि रोज मासळी, गूळ-शेंगदाणे. "आणि राज्याच्या संघाच्या निवडीच्या दिवशीच आली तरी पाठवा तिला. पाळीत पळता येतं."

सगुणाने मान डोलावली, पण विश्वास अर्धाच बसला. जया जेवायला बसली की ती चोरून तिच्या पोटाकडे बघायची. स्वतःचीच लाज वाटायची, तरी नजर ऐकत नव्हती. पोरीचा वेग मात्र वाढला. राज्याच्या संघात हीच जाणार, असं नलिनीताई छातीठोक सांगू लागली.

निवडीच्या सकाळी जया मोरीतून बाहेर आली ती हसतच. "आई, आली."

सगुणाने देवाला हात जोडले. जया घाईघाईने कॅनव्हासचे बूट चढवू लागली. एवढ्यात बाहेर मथुराचा आवाज आला. पोर पळत निघून गेली तर आली हे कुणाला कळणार?

"आज बस गो," ती म्हणाली. "एकदा सगळ्यांका दिसांदे."

"आज निवड आहे, आई."

"माका ठाऊक आसा."

 जयाने बूट काढले, कांबळं स्वतःच उलगडलं आणि दाराजवळ बसली.

मथुरा जाता जाता थबकली. "बसलीस का गं? बरं झालं हो," म्हणाली आणि पुढे गेली.

जयाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. सगुणाला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण चाळीतली सगळी दारं उघडी होती, आणि बाहेरचीला शिवायचं नसतं. तिने चहाचा पेला हातभर लांब जमिनीवर ठेवला आणि ती मागे सरली.