मनोऱ्याची कंबर

वैमानिकाला उंचीची भीती नव्हती, वाऱ्याची नव्हती, मरणाची तर त्याने कधी साधी विचारपूसही केली नव्हती. त्याला भीती होती ती एकट्या मेव्हण्याची.

मेव्हणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. धंदा पूल बांधायचा, आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीतली झोपलेली पोरं उठून बसावीत. गेली बारा वर्षं तो आपल्या बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत 'ड्रायव्हरसाहेब' म्हणत आला होता. पण आज सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस होता आणि बायको पोरांना घेऊन कालच गाडीने पुढे गेली होती. डोंगरापलीकडच्या त्या छोट्या धावपट्टीवर झाडून सगळे नातेवाईक माना वर करून उभे राहणार होते. त्यांच्यादेखत मेव्हण्याला विमानातून उतरवायचं, दार आपण उघडून धरायचं आणि काही बोलायचं नाही, असा बेत होता. वैमानिकाने त्याचा आरशासमोर सरावही केला होता. खोटं वाटेल, पण बायकोने स्वतः पाहिलं होतं.

उड्डाणाच्या आधी मात्र मिस्त्रीबाईंना सामोरं जावं लागे. फ्लाइंग क्लबाच्या चारही विमानांची इंजिनं ह्या बाईंच्या हातची. त्यांचा एक नियम होता. कुठली गोष्ट दिसली नाही तर परत फिरणार, हे जमिनीवर असतानाच सांगायचं. त्या ते हँगरच्या दारावर खडूने लिहीत आणि मगच किल्ली देत. 'हवा बिघडली तर' असलं गुळमुळीत चालायचं नाही. "हवा बिघडली म्हणजे काय? तोंड तर तुझंही बिघडलेलं आहे. डोळ्यांना दिसेल असं सांग."

खिंडीच्या तोंडाशी फोन कंपनीचा एक मनोरा होता, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. वैमानिकाचं उत्तर नेहमीच ठरलेलं असे, मनोऱ्याचं टोक दिसलं नाही तर परत. आजही ते ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागून मेव्हणा खो खो हसला.

"टोक दिसलं नाही म्हणून परत? अहो भावोजी, मी धुक्यात पूल ओतलेत!"

वैमानिकाचे कान तापले. "कंबर," तो म्हणाला. "मनोऱ्याची कंबर दिसली तरी पुरे."

मिस्त्रीबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की त्याने नजर खाली घातली. मग त्यांनी लिहिलं, 'कंबर'. अक्षर मात्र वाकडं काढलं, मुद्दाम.

पहिला अर्धा तास झकास गेला. मेव्हण्याने खाली आपले तीन पूल दाखवले आणि चौथा, जो दुसऱ्याने बांधला होता, त्याला नावं ठेवली. मग दरी लागली आणि ढगांचं छत हळूहळू खाली यायला लागलं. वैमानिक छताखाली राहायचं म्हणून उतरत गेला. उजवा उतार धरून चालला होता, म्हणजे वळायची वेळ आली तर डावीकडे जागा राहावी. तेवढी अक्कल शाबूत होती.

मनोरा दिसला. टोक नव्हतं. गळाही नव्हता. कंबर होती, कशीबशी.

"कंबर दिसतेय," वैमानिक स्वतःशीच म्हणाला आणि पुढे गेला.

दोन मिनिटांत कंबरही गेली. पाय दिसत होते. आता शहाण्या माणसाने काय करावं? पण वैमानिकाच्या डोक्यात नसता वकील उभा राहिला. पाय दिसताहेत म्हणजे कंबर वरच कुठेतरी असणार, जाते कुठे! शिवाय खिंड ओलांडली की पलीकडे ऊन असेल. शिवाय तिकडे तीस माणसं. काचेवर बारीक थेंब धावायला लागले. समोर दरी अरुंद होत गेली होती. दगडाची जुनी खाण मागे पडली की दरीत विमान वळणार नाही, हे त्याला आपल्या नावाइतकं पाठ होतं. खाण आता समोरच होती.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, मेव्हणा बराच वेळ बोललेला नाही.

त्याने तिरक्या नजरेने पाहिलं. मेव्हण्याने दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती, जणू विमान तोच उचलून धरतोय. इस्त्रीच्या शर्टाला काखेत घामाचे डाग पडले होते.

वैमानिकाने विचारलं, "दादा, मी मिस्त्रीबाईंना काय सांगितलं होतं?"

मेव्हणा समोर बघतच अगदी बारीक आवाजात, जो त्या देहात आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणाला, "टोक."

"टोक?"

"टोक दिसलं नाही तर परत. मी ह्या कानांनी ऐकलंय. उगाच वाद घालू नका."

साफ खोटं होतं. दोघांनाही ठाऊक होतं. वैमानिकाने विमान डावीकडे कलवलं. पलीकडच्या उताराची झाडं इतकी जवळ आली की फांद्या मोजता आल्या असत्या, आणि मग ती बाजूने सरकत मागे गेली. वळण पूर्ण झाल्यावर त्याने मान वळवून पाहिलं. मागे ना मनोरा होता ना खाण, नुसतं पांढरं होतं.

परतीच्या वाटेवर एकदा फक्त मेव्हणा म्हणाला, "तो चौथा पूल तसा बरा बांधलाय."

विमान थांबलं तेव्हा मिस्त्रीबाई हँगरच्या दारातच उभ्या होत्या. मेव्हणा तडक दारापाशी गेला, वाढदिवसाच्या नव्या शर्टाच्या बाहीने 'कंबर' पुसून काढली आणि खडू घेऊन तिथे मोठ्या अक्षरात 'टोक' लिहिलं. मग त्याने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, आम्ही अर्ध्यातून परत आलो. मी घाबरलो."

"मीपण घाबरलो, आई," वैमानिक म्हणाला. सासूबाईंशी तो हे असलं बोलेल असं त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

"सकाळपासून डोंगर दिसत नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "इथे तीस जण बसलेत. सगळ्यांना कळत होतं. पण येऊ नका म्हणून एकानेही फोन केला नाही. मीसुद्धा नाही केला रे. म्हटलं, तुम्हा पोरांना वाईट वाटेल." मग त्या रडायला लागल्या आणि रडता रडताच ओरडल्या, "आता गाडीने या मुकाट्याने! मी केक कापणार नाही तोवर."

मेव्हण्याने नाक पुसलं, खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि निघाला. मग अर्ध्या वाटेतून परत फिरला.

"बाई, लिहा," तो म्हणाला. "घाटात पुढच्या गाडीचा दिवा दिसला नाही, तर थांबायचं. आणि बाजूला आमचे कॅप्टन बसलेत. ते थांब म्हणाले, तरी थांबायचं."