बायडाबाईच्या हिरड्यावरचं दगडफूल

"सर, परत तेच आलं," अंजना फोनवर म्हणाली.

पलीकडून तिचे पुण्याचे मार्गदर्शक म्हणाले, "नमुन्यांची अदलाबदल झाली असेल."

"नाही सर. या वेळी दोन्ही नमुने वेगवेगळ्या दिवशी घेतले. मी स्वतः."

ओतूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत दुपारची शांतता होती. समोरच्या पडद्यावर डीएनएवरून काढलेला दगडफुलांचा वंशवृक्ष होता. पाच वर्षं ज्याला ती नवी जात म्हणून जपत होती, ते काळपट दगडफूल त्या वृक्षावर वेगळं उभं नव्हतंच. सह्याद्रीत कुठंही सापडणाऱ्या साध्या हिरव्या दगडफुलाच्याच फांदीवर ते बसलं होतं.

सर म्हणाले, "दिसायला तर वेगळं आहे ना? तेवढ्यावर लेख पाठवता येईल. डीएनएचं मागाहून बघू."

"नको सर," अंजना म्हणाली.

मुलगी दहावी झाल्यावर, चाळिशीत तिने पीएचडीला नाव घातलं होतं. कॉलेजचे तास, पिंपळवंडीचं घर आणि सुट्टीच्या दिवशी आंबेगावच्या डोंगरातल्या वाड्या. त्यातल्याच एका वाडीत बायडाबाईच्या बांधावरच्या हिरड्यावर तिला ते काळं दगडफूल सापडलं. दर खेपेला बायडाबाई तिला भाकरी खाऊ घाले. नव्या जातीला बायडाबाईचंच नाव द्यायचं, हे अंजनाने ठरवलं होतं, आणि उत्साहाच्या भरात सांगूनही टाकलं होतं.

संध्याकाळी तिचा नवरा गोरख मळ्यातून आला. हातपाय धुता धुता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मंग आता?"

"आता काय, नाव मागे घ्यायचं."

"लई वाईट वाटतंय का?"

अंजनाने विचार केला. "त्याचं नाही एवढं. बायडाबाईंना काय सांगू?"

"जे झालं ते सांग. त्या काय तुला खाणारेत व्हय?"

रविवारी घोडेगावहून एसटीने ती वाडीत पोचली. भात कापणी चालू होती. बायडाबाई विळा घेऊन खाचरात वाकलेली. अंजनाला बघून ती बांधावर आली.

"बाई, आलं का माजं नाव पेपरात?"

अंजनाने एका दमात सांगून टाकलं. "मावशी, नाही येणार. चूक माझीच. ते काळं म्हणजे नवं काही नव्हे, ते हिरवंच आहे."

"आसं कसं? काळं ते काळं, हिरवं ते हिरवं. मला दिसतंय की."

"दगडफूल म्हणजे एक बुरशी आणि एक शेवाळ, दोघांचा संसार. यातली बुरशी एकच आहे. एका शेवाळासोबत राहिली की ती हिरवी दिसते, दुसऱ्यासोबत राहिली की काळी."

बायडाबाईने डोळे बारीक केले. "मंजी दादला एकच आन् घरं दोन?"

"तसंच काहीसं."

"आमच्या भागूवाणी!" बायडाबाई एवढ्या मोठ्याने हसली, की खाचरातल्या बायांनी माना वर केल्या. मग हसू ओसरलं. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "पर मी समद्या वाडीला सांगून ठिवलं व्हतं गं."

अंजनाने पिशवीतून भिंग काढलं. बायडाबाईने विळा कमरेला खोचला. "चल, दाव मला. दोन्ही दाव."

रस्त्याच्या वरच्या बांधावर हिरडा उभा होता. दवाने खोड अजून ओलं होतं. अंजना भिंग लावून दगडफुलाचा एकेक गोल चट्टा दाखवत गेली. सावलीच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर तिचा हात थांबला. तिथं दगडफुलाच्या हिरव्या पानाच्या कडेतूनच काळं पान फुटलं होतं. मधे सांधा नव्हता, फट नव्हती. दोन्ही मिळून एकच अंग. संगणकाने जे अक्षरांत सांगितलं, ते इथं डोळ्यांना दिसत होतं. पाच वर्षं ती या झाडाभोवती फिरली होती, आणि हे तिने कधी शोधलंच नव्हतं.

"मावशी, हे बघा! हे बघा!"

बायडाबाई जमिनीवर बसून भिंगातून बघत राहिली. "आगं, खरंच की. दोघी एकाच घरात नांदत्यात."

अंजनाने नखाएवढा तुकडा कागदात घेतला, बाकीचं तसंच राहू दिलं. तेवढ्यात खालून एका बाईने हाक मारली, "बायडाआत्या, झालं का वो तुमचं नाव?"

"न्हाई गं," बायडाबाईने तिथूनच सांगितलं. "त्याला पयलंच नाव व्हतं."

दुपारी एसटी आली. भाकरीने पोट जड झालेलं, पाय दुखत होते, आणि अंजनाला फार बरं वाटत होतं. गाडी वळणावर आली तेव्हा तिने खिडकीतून वर पाहिलं. कापणी तशीच सोडून बायडाबाई हिरड्याच्या खोडाला अगदी गाल लावून, हळूहळू झाडाभोवती फिरत होती.